शेणाचं घर, मेणाचं घर: लहानपणीच्या गोष्टीतून उपरोधिक कादंबरी कशी काढावी

एक होती चिमणी, एक होता कावळा. चिमणीचं घर होतं मेणाचं, कावळ्याचं घर होतं शेणाचं. एकदा काय झालं, खूप मोठा पाऊस आला. यापुढचं तुम्हाला कोणी अर्ध्या झोपेत विचारलं तरी सांगता येईल. गोष्ट जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यातून तीनशे पानांची अद्भुतरम्य आणि उपरोधिक कादंबरी कशी काढायची, ते इथे लिहिते आहे. याच गोष्टीवर मी गेली चार वर्षं काम करते आहे. त्यातली पहिली दोन फुकट गेली. का गेली ते ओघात येईलच, कारण खाली जे काही सांगते आहे त्यातलं निम्मं तिथेच शिकले.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवू. विडंबन, उपहास आणि उपरोध हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. विडंबनात एखाद्या रचनेची नक्कल असते, चाल तीच आणि शब्द वेगळे. उपहासात कोणाला तरी हसायचं असतं. उपरोधात बोलणारा गंभीर चेहऱ्याने उलटं बोलतो आणि हसायचं की नाही ते ऐकणाऱ्यावर सोडून देतो. कादंबरीला तिन्ही लागतात, पण तीनशे पानं तग धरतो तो उपरोधच. विडंबन विसाव्या पानावर धापा टाकायला लागतं.

पहिली पायरी: गोष्ट पुस्तकातून नको, माणसांकडून घ्या

निदान पाच माणसांकडून गोष्ट ऐका. वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या वयाची माणसं पाहा. फोनवर विचारू नका, समोर बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, "चिऊ-काऊची गोष्ट सांग" एवढंच म्हणा आणि तोंड बंद ठेवा. मधेच "पण आमच्याकडे तर..." म्हणालात की समोरचा माणूस तुमची गोष्ट सांगायला लागतो, मग तो फेरा वाया.

माझ्या आत्याने ती मेथी निवडता निवडता सांगितली. तिच्या गोष्टीत चिमणी बाळाला अंघोळ घालते, अंग पुसते, काजळ-तीट करते, कपडे घालते, झोपवते आणि मग दार उघडते. कावळा चुलीपाशी शेकत बसतो. संपली गोष्ट. मी विचारलं, "मग?" आत्या काडी मोडत म्हणाली, "मग काय, गेला असेल सकाळी." शेजारच्या आजींच्या गोष्टीत चिमणी त्याला तव्यावर बस म्हणते, तवा तापलेला असतो आणि कावळा ढुंगण भाजून घेतो. हे सांगताना आजी जितक्या खुशीत आल्या, तितक्या मी त्यांना नातवाच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या आईच्या गोष्टीत रात्री अंधारात कुडुमकुडुम वाजतं. चिमणी विचारते, काय खातोस रे? तो म्हणतो, चणे. सकाळी बघते तर बाळ नाही.

म्हणजे पहिल्या घरात कावळ्याला आसरा मिळतो, दुसऱ्यात शिक्षा, आणि तिसऱ्यात तोच खुनी निघतो. घर तेच, पाऊस तोच, दारही तेच. निवाडा मात्र सांगणाऱ्याच्या मनात कावळ्यांबद्दल काय आहे त्यावर ठरतो. हे फरक एका वहीत मांडा: घर कशाचं, चिमणीने कोणकोणती कारणं दिली, किती वेळा दिली, दार उघडल्यावर काय झालं. पुढे कादंबरीत अडलात की हीच वही कामाला येते.

दुसरी पायरी: छापलेलं जुनं रूप शोधा

आपल्याला वाटतं की गोष्ट आजीने सांगितली तशीच पहिल्यापासून चालत आली. तसं नसतं. 1868 साली 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं इंग्रजी पुस्तक निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने ते लिहिलं. गोष्टी सांगितल्या तिच्या आयेने, अ‍ॅना लिबराता डिसूझा यांनी. त्यांचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याच्या बाजूला आल्यावर ख्रिस्ती झालेलं, आणि गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. पुस्तकात त्यांनी स्वतःची हकिगतही सांगितली आहे. ती गोष्टींइतकीच वाचण्यासारखी आहे.

त्या संग्रहात आपली चिऊ-काऊ आहेत. पण तिथे शेण नाही आणि मेणही नाही. चिमणीचं घर काटक्यांचं, आतून लोकर लावलेलं. कावळ्याचं घर निवडुंगाच्या कुंपणावर चार काटक्या टाकून केलेलं. पाऊस येतो, घर वाहून जातं, कावळा आणि त्याची बायको दोघं चिमणीच्या दारी येतात. चिमणी म्हणते, स्वयंपाक चाललाय, मग या. जेवणं चाललीत, मग या. असं करत करत सगळं आवरून, पोरांना निजवून, स्वतः अंथरुणावर पडल्यावर ती त्यांना आत घेते. रात्री सगळे झोपले की ते दोघं दुसऱ्या दिवसासाठी करून ठेवलेलं जेवण उचलतात आणि उडून जातात. आणि गोष्टीच्या नावातच चिमणीला स्वार्थी म्हटलंय!

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. मला वाटत होतं की कावळ्याची बाजू घेणं ही माझी मोठी बंडखोर कल्पना आहे. ती दीडशे वर्षांपूर्वीच छापून आलेली होती. जुनं रूप शोधायचं ते यासाठी. तुमची 'नवी' कल्पना किती जुनी आहे ते कळतं आणि तुम्ही एक पायरी पुढे जाता.

कायद्याचं एका वाक्यात. लोककथा कोणाच्याही मालकीची नसते, पण एखाद्या लेखकाने तिचं केलेलं रूप त्याचं असतं, आणि आपल्याकडे त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याचा हक्क राहतो. त्यामुळे शाळेच्या वाचनातली किंवा अलीकडच्या एखाद्या पुस्तकातली वाक्यं, पात्रांची नावं, गाणी उचलू नका.

तिसरी पायरी: गोष्टीची उलटतपासणी

आता गोष्टीला प्रश्न विचारा. चाळीस प्रश्न लिहून काढा. पहिले दहा फेकून द्या, ते सगळ्यांनाच सुचतात. "चिमणीने दार लगेच का नाही उघडलं?" हा त्यातला पहिला. माल असतो तो पंधराव्या-विसाव्या प्रश्नानंतर. माझ्या वहीतले काही देते.

मेण आणलं कुठून? चिमणी मेण तयार करत नाही, मधमाशी करते. म्हणजे या सुबक घराच्या भिंती दुसऱ्याच्या मोडलेल्या पोळ्यातून आल्या आहेत. त्या मधमाश्या गोष्टीत कुठेच नाहीत.

उन्हाळ्यात काय झालं? मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो, उन्हात तापलेल्या छपराचं तर बोलायलाच नको. गोष्ट सांगणाऱ्याने फक्त पावसाळा निवडला. परीक्षा कोणत्या ऋतूत घ्यायची हे ज्याच्या हातात, त्याचंच घर पक्कं.

शेण इतकं टाकाऊ कधीपासून झालं? पिढ्यान्‌पिढ्या आपण जमिनी शेणाने सारवल्या, कुडाच्या भिंतींना शेणमातीचा गिलावा केला, गोवऱ्या थापून चुली पेटवल्या. आणि शेणात हात घालणारे कोण, मेणासारखे मऊ हात कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे नुसता बांधकामाचा कधीच नव्हता.

खरा कावळा कसं घर बांधतो? काटक्यांचं, आणि शहरात चक्क लोखंडी तारांचं. त्यात कोकिळा गुपचूप अंडी घालून जाते आणि कावळा तिची पिल्लं वाढवतो. ज्याला गोष्टीत कोणी दार उघडत नाही, तो प्रत्यक्षात परक्यांची मुलं पोसतो. आणि खरी चिमणी? तिचं स्वतःचं घर मुळी नसतंच. जुन्या वाड्यात ती आजोबांच्या फोटोमागे गवत कोंबून राहायची. भिंतीतलं भोक, पंख्याची वाटी, मीटरची पेटी, मिळेल ती जागा. मेणाच्या घराची मालकीण खरं तर पोटभाडेकरू आहे!

"हा घास चिऊचा, हा घास काऊचा" म्हणत आपल्याला भरवलं, ते घास गेले कुठे? दोघांच्या नावाने काढलेला प्रत्येक घास आपणच गिळला. त्याचा हिशेब दोघांनी मागितला तर? हा प्रश्न मला सदतीसावा सुचला आणि त्यावर एक आख्खं प्रकरण उभं राहिलं.

असं करताना बहुतेक वेळा लक्षात येतं की उपरोध बाहेरून आणावाच लागत नाही, तो गोष्टीत आधीच असतो. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने 1697 मध्ये सिंड्रेला छापली तेव्हा शेवटी दोन तात्पर्यं जोडली. पहिलं सज्जन. दुसऱ्याचा मथितार्थ असा की बुद्धी, धैर्य, कुलीनता सगळं ठीक, पण गॉडमदर किंवा गॉडफादर पाठीशी नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे आपल्या भाषेत वशिला. मुलांच्या पुस्तकांतून हे तात्पर्य बहुधा गाळतात.

चौथी पायरी: एकच नियम, आणि तो शेवटपर्यंत

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा. अद्भुतरम्य कादंबरीला जादू लागते आणि जादूला नियम लागतो. हौशी लेखक दहा नियम करतो आणि प्रत्येक प्रकरणात त्यांना एक नवा अपवाद काढतो. आपण एकच नियम घ्यायचा, तोही मूळ गोष्टीतलाच, आणि तो शब्दशः खरा मानायचा.

या गोष्टीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता? चिऊ नाही, काऊ नाही. "थांब."

मग माझा नियम असा झाला: या जगात दाराच्या आतून कोणी "थांब" म्हणालं की बाहेरचा जागचा हलू शकत नाही. पण आतल्याने जे काम सांगून थांबवलं, ते काम त्यालाही चालूच ठेवावं लागतं. काम थांबलं की कडी आपोआप निघते.

बस्स. आता हा नियम ताणत न्या. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते" असं चिमणी म्हणाली त्याला अकरा वर्षं झाली. कावळा दारात उभा आहे. चिमणी आत अंघोळ घालते आहे. बाळ आता सातवीत आहे. गणिताचे मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून शिकवतात, वह्या भिजतात म्हणून तोंडी परीक्षा घेतात. पाऊस चार महिन्यांत थांबला, त्यामुळे कावळा कशासाठी आला होता ते आता कोणाला आठवत नाही, कधी कधी त्यालाही नाही. कावळ्याच्या मागे दूधवाला आला, तो अडकला. जनगणनेवाला आला, तो अडकला. त्यांना शोधायला त्यांच्या घरचे आले. रांगेची वस्ती झाली, वस्तीला पत्ता मिळाला: "चिऊताईंच्या दारासमोर, कावळ्यामागे चौथे".

उन्हाळ्यात मेण मऊ होऊन दार चौकटीला चिकटलं आहे. म्हणजे आता काम थांबलं, कडी निघाली, तरी दार उघडणार नाही. चिमणीला हे माहीत आहे, कावळ्याला नाही. कादंबरीचा मध्य इथे आला. तो मी शोधलेला नाही, तो मेणाच्या वितळण्यातून आपसूक निघाला.

नियमाची कसोटी सोपी आहे. त्याचा त्रास दोन्ही बाजूंना व्हायला हवा. माझ्या पहिल्या मसुद्यात फक्त कावळा अडकायचा. ते रडगाणं झालं होतं. चिमणीही स्वतःच्या सबबीत कैद आहे असं झालं, तेव्हा कुठे ते हलायला लागलं. नियमाची ती तीन वाक्यं मी एका कार्डावर लिहून टेबलासमोर चिकटवली. नवा अपवाद काढायचा मोह झाला की त्या कार्डाकडे बघायचं.

जोडीला घराचा नकाशा काढा. किती दारं, खिडकी कुठे, चूल कुठे, बंब कुठे. माझ्या नकाशात एक पुढचं दार, एक खिडकी आणि एक न्हाणीघर होतं. त्यात एक चूक होती, ती मला फार उशिरा कळली.

पाचवी पायरी: चावायचं कोणाला

ती दोन फुकट गेलेली वर्षं या पायरीवरची. माझ्या पहिल्या मसुद्यात एक पोपट पुढारी होता, एक घुबड वार्ताहर होतं आणि त्या वर्षी वर्तमानपत्रात गाजणारं झाडून सगळं होतं. वाचणारे खो खो हसले. मसुदा पुरा होईपर्यंत ती प्रकरणं विझली. मी तो एका प्रकाशकाकडे पाठवला तेव्हा "हा पोपट म्हणजे नक्की कोण?" असं विचारणारं एका ओळीचं उत्तर आलं. त्यानंतर काहीच नाही.

वगात राजा, प्रधान, हवालदार यांच्या तोंडी आजच्या बातमीवरचा टोला शोभतो, कारण उद्याच्या गावात तो टोला बदलता येतो. वग रोज नवा होतो. कादंबरी एकदा छापली की छापली. म्हणून चावा माणसाला नको, त्याच्या सवयीला घ्या. पुढारी बदलतात. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा" बदलत नाही.

मी शेवटी लक्ष्य ठेवलं घर देण्या-न देण्याच्या आपल्या रीतीवर. सोसायटीची 'ना हरकत', "आमचं काही नाही हो, पण कमिटी...", भाडेकरूला आडनाव विचारण्याआधी "तुम्ही खाता का?" असं विचारणं. ज्याने पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधलंय, त्याला दारातला कावळा समजावून सांगावा लागत नाही. लक्ष्य एका वाक्यात लिहून ठेवा, पण ते वाक्य कादंबरीत कुठेही येऊ देऊ नका. आलं की ते भाषण झालं.

आणि एक पथ्य. ज्याच्या हातात कडी आहे त्याला हसा. बाहेर भिजणाऱ्याला हसायला आपली मूळ गोष्ट समर्थ आहे.

सहावी पायरी: सांगणाऱ्याचा चेहरा

उपरोधात सांगणाऱ्याने कधीही हसायचं नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत जोशी, गोंधळी अशी किती सोंगं घेतली, पण सोंग घेतलेला माणूस मधेच थांबून "गंमत केली हं" असं म्हणत नाही. तो शेवटपर्यंत जोशीच राहतो.

माझ्या पहिल्या मसुद्यातला हा तुकडा बघा.

"कावळा ओरडला, 'अगं ए चिऊ, दार उघड की! इथं माझं पार पापलेट झालंय!' चिमणी रील बघत खदाखदा हसली. 'थांब रे, बाळाची अंघोळ व्हायचीय!' सरकारी कार्यालयाला लाजवेल असा तिचा कारभार होता."

आता चौथ्या मसुद्यातला.

"अकराव्या पावसाळ्यात कावळ्याने बसायची परवानगी मागितली. चिमणी आतून म्हणाली, विचारून सांगते. घरात विचारण्यासारखं कोणी नव्हतं. पण असं म्हणायची पद्धत होती, आणि ती तिच्या सासूबाईंपासून चालत आलेली होती."

पहिल्यात सगळेच ओरडत आहेत. पात्र हसतंय, लेखिका हसतेय, वाचकाला हसायला जागाच उरलेली नाही. शेवटचं वाक्य तर वाचकाच्या कानात जाऊन विनोद समजावतं. दुसऱ्यात कोणीच हसत नाही. 'बसायची परवानगी' हे दोन शब्द अकरा वर्षांचा हिशेब सांगतात. तुमच्या मसुद्यात 'जणू काही', 'लाजवेल असा' आणि उद्गारचिन्हं शोधा. दहातली आठ कापली तरी काही बिघडत नाही. (या लेखातली मी मोजली नाहीत.)

सातवी पायरी: कोण कोणाला काय म्हणतो

इथे एक सापळा आहे आणि त्यात मीही पडले होते. कावळ्याच्या तोंडी गावाकडची बोली आणि चिमणीच्या तोंडी सदाशिव पेठ. हसू येतं, पण ते हसू बोलीला येतं. म्हणजे जी उतरंड मोडायला निघालो तिचीच डागडुजी. मी उलटंही करून पाहिलं, शुद्ध बोलणारा कावळा. तेही सोंगच झालं. शेवटी दोघं सारखीच मराठी बोलतात. फरक ठेवला तो फक्त संबोधनांत, कारण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत आपल्याकडे आख्खा समाज बसतो.

कावळा पहिल्यापासून "चिऊताई, अहो चिऊताई" म्हणतो. चिमणी "काय रे कावळ्या" म्हणते. वर्षानुवर्षं हेच. मग भाद्रपदाचा वद्य पक्ष येतो. चिमणीच्या सासऱ्यांचं पान वाढलेलं आहे. खीर, वडे, भाजी. पानाला कावळा शिवायला हवा, आणि पंचक्रोशीतला एकमेव कावळा तिने स्वतःच दारात थिजवून ठेवला आहे. दार उघडता येत नाही, कारण अंघोळ चालू आहे. ती एका हाताने बाळाच्या डोक्यावर तांब्या ओतत, दुसऱ्या हाताने केळीचं पान दाराखालच्या फटीतून सरकवते. आतून आवाज येतो, "अहो कावळेदादा, जरा घेता का?"

हा 'अहो' येईपर्यंत मी शंभर पानं थांबले. वर्षाचे पंधरा दिवस सन्मान आणि उरलेले साडेतीनशे दिवस "शुक्‌ शुक्‌". हे सांगायला मला एकही विशेषण लागलं नाही, एक संबोधन पुरलं. तुमच्या गोष्टीत असा बदल कुठे होतो ते शोधा आणि तो शक्य तितका लांबवा.

म्हणी मात्र जपून. कावळ्यावरच्या आणि चिमणीवरच्या म्हणींची यादी केली तर पानभर होते, आणि सगळ्या वापरायचा हात शिवशिवतो. मी दोनच ठेवल्या. त्यातली एक कावळ्यालाच ऐकवली जाते आणि तो तिचा अर्थ विचारतो.

आठवी पायरी: तीन मिनिटांची तीनशे पानं

गोष्टीला आयता सांगाडा असतो, तोच वापरा. अंघोळ, अंग पुसणं, काजळ-तीट, कपडे, झोपवणं. माझे पाच भाग तेच आहेत. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कावळा तेच वाक्य म्हणतो आणि दर वेळी त्याचा अर्थ सरकतो: विनंती, आठवण, सवय, घोषणा, आणि शेवटी नुसता आवाज. मुलांना पालुपद आवडतं ते पुन्हा तेच येणार या भरवशामुळे. मोठ्यांना पालुपद भिववतं, तेही त्याच भरवशामुळे.

भाग सारखे करू नका. माझी 'अंघोळ' दीडशे पानांची आहे आणि 'काजळ-तीट' नऊ पानांचं. पात्रं कमी ठेवा: कोकिळा, एक सुतारपक्षी ठेकेदार, मधमाश्यांची वृद्ध राणी आणि रांगेतले चौघं. प्रत्येक पक्ष्याला आत घेतलंत तर ते अभयारण्य होईल. रोजचा शिरस्ता माझा पाचशे शब्दांचा. जमेल त्या दिवशी जास्त, पण आठवड्यातून पाच दिवस बसायचंच. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकाला देऊन पाहायला हरकत नाही. मात्र त्यासाठी मजकूर उन्हाळ्यातच हातावेगळा करा.

शेवटाबद्दल थोडंच सांगते. दोघांची मैत्री होऊन सगळे एकत्र खीर खातात, हा शेवट सुचेल. तो सोडा. कावळा मालक आणि चिमणी बाहेर, हाही सुचेल. तो जरा बरा, पण गोष्ट तीच राहते, फक्त पिसं बदलतात. पहिल्या पायरीतली वही काढा. आसरा, भाजणं, कुडुमकुडुम हे तिन्ही शेवट रांगेतल्या लोकांना आधीपासून माहीत असतील तर काय होईल? प्रत्येकाला वाटतं की आपल्याला ठाऊक आहे तोच खरा, आणि दार उघडण्याआधी मागे त्यावरून मारामारी जुंपते. मी इथवर आले आहे.

नववी पायरी: वाचून दाखवा

मनात वाचलं की चुका दिसत नाहीत. मोठ्याने वाचा, दोन प्रकारच्या लोकांपुढे. एक, ज्याच्यावर लक्ष्य आहे तो. मी आमच्या इमारतीच्या कमिटीतल्या एका काकांना 'पत्ता' हे प्रकरण वाचून दाखवलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "अगदी आमच्या शेजारच्या सोसायटीसारखं." हे ऐकलं की समजावं, बाण बरोबर बसलाय. दोन, सहा-सात वर्षांचं मूल. त्याला उपरोध कळत नाही, पण नियम मोठ्यांपेक्षा चांगला कळतो, आणि नियमात भोक असेल तर ते बोट घालतंच.

भाच्याला पहिला भाग सांगितला. अकरा वर्षं अंघोळ हे त्याने बिनतक्रार मान्य केलं. कावळा हलत नाही, मान्य. मास्तर उंबऱ्यावर, मान्य. मग म्हणाला, "मावशी, पाणी गार नाही होत?"

मी म्हटलं, बंब आहे ना.

"मग बंबात लाकडं कोण घालतं? चिमणीचे तर दोन्ही हात बिझी आहेत."

त्या रात्री नकाशा पुन्हा काढला. घराला मागचं दार लागणार होतं. त्या दाराने रोज पहाटे कोणीतरी लाकडं घेऊन येतं, बंब पेटवतं, राख काढतं आणि जातं. त्याला कोणी "थांब" म्हणत नाही, कारण मागच्या दाराने येणाऱ्याशी कोणी बोलतच नाही. तो कोण असेल, याला फार विचार करावा लागला नाही. तोही कावळाच. पुढच्या दारातल्या कावळ्याचा सख्खा भाऊ, अकरा वर्षं रोज त्या घरात ये-जा करणारा. पहिल्या भागातली साठ पानं बाद झाली. मागचं दार मी न्हाणीघराच्या डाव्या हाताला काढलं आहे आणि परवापासून ती साठ पानं पुन्हा लिहायला घेतली आहेत.